फायरवॉल उठेपर्यंत

ऑफिसात तिला सगळे धास्तीताई म्हणायचे. पाठीमागे नाही, चक्क तोंडावर. आणि तीही बिनदिक्कत ओ द्यायची. कुठलंही काम हातात आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आणि नाही झालं तर?" लोक हसायचे. पण नाजूक ठिकाणचं नेटवर्कचं काम निघालं की साहेब बरोबर तिलाच हाक मारायचे, कारण घाबरणारं माणूस दोनदा तपासतं हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

या खेपेची धास्ती मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. काम होतं एका मोठ्या हॉस्पिटलचं. तिथल्या नेटवर्कच्या वाटेवर राखण करणारी फायरवॉल जुनी झाली होती, तिच्या जागी नवी आणायची होती. आता फायरवॉल म्हटलं की लोकांना वाटतं एखादा लोखंडी डबा असेल. जुना उचलला, नवा ठेवला, झालं. इथे डबाबिबा काही नव्हता. दोन्ही फायरवॉल म्हणजे हॉस्पिटलच्याच एका सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर. आणि त्या सर्व्हरची मेमरी इतकी तोकडी, की जुनी बंद केल्याशिवाय नवी सुरूच होणार नव्हती. मेमरी वाढवून मागितली, तर हॉस्पिटलचे व्यवस्थापक छताकडे बघत बसले.

म्हणजे जुनी बंद केल्यापासून नवी उठेपर्यंत सगळी वाट बंद. आणि त्या वाटेवरून काय जात होतं? अतिदक्षता विभागातल्या पेशंटच्या हृदयाच्या रेघा! प्रत्येक पलंगाशी यंत्र असतंच, पण काचेच्या बंद खोलीतलं ते यंत्र बाहेर कोण ऐकणार? सगळ्या रेघा एकत्र दिसतात त्या सिस्टरच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर. कुणाची रेघ बिघडली की घंटा तिथे वाजते, आणि सिस्टर धावतात. फायरवॉल बंद म्हणजे तो पडदा काळा.

त्या विभागाची इन्चार्ज सिस्टर म्हणजे धास्तीताईची धाकटी नणंद. आता बोला!

"वहिनी, हे काम तू दुपारी कर," नणंद घरी येऊन म्हणाली होती. "शिफ्ट बदलते तेव्हा सकाळच्या पोरी अजून गेलेल्या नसतात आणि दुपारच्या आलेल्या असतात. तेवढा अर्धा तास माझ्याकडे दुप्पट माणसं. प्रत्येक पलंगाशी एक उभी करते. पडदा काळा झाला तर झाला, डोळे तरी असतील."

"आणि अर्ध्या तासात नाही झालं तर?"

"तर सकाळच्या पोरी थांबतील, नाही कशाला म्हणतील? पण पहाटेपासून राबलेल्या असतात गं त्या. डोळे उघडे असतात आणि दिसत काही नाही. दाराजवळच्या पलंगावर एक बसड्रायव्हर काका आहेत. त्यांचं हृदय न सांगता थांबतं. परवा दोनदा थांबलं. बोलता बोलता, हसत असताना! अर्धा तास दिला तुला. त्याच्यापुढे मला छळू नकोस."

हसतच म्हणाली. पण धास्तीताईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

असल्या कामाची आधी तालीम करतात. त्यासाठी ऑफिसात एक लॅब होती. लॅब म्हणजे खोली नव्हे, एका सर्व्हरवर चालणारा एम्युलेटर, म्हणजे नेटवर्कची हुबेहूब नक्कल करणारं सॉफ्टवेअर. त्यात हॉस्पिटलचं अख्खं नेटवर्क उभं केलेलं: पडद्यावर राउटरची चित्रं, स्विचची चित्रं, त्यांना जोडणाऱ्या रेषा, आणि मधोमध विटांच्या भिंतीचं चित्र, ती नवी फायरवॉल. चित्रावर क्लिक करून स्टार्ट म्हटलं की आतलं सॉफ्टवेअर खऱ्यासारखं उठायला लागतं. ती एकदा उठली की तिच्यातून नकली पेशंटची रेघ पाठवून बघायची आणि निर्धास्त व्हायचं. पण घोडं नेमकं तिथेच अडलं. ती उठतच नव्हती.

काळ्या खिडकीत ठिपक्यांमागून ठिपके उमटत राहायचे. अर्धा तास सरायचा, तास सरायचा, चहाचे कप टेबलावर जमा व्हायचे. मग एकदाचा प्रॉम्प्ट, म्हणजे पासवर्ड मागणारी ओळ, यायचा. धास्तीताई जीव मुठीत धरून पासवर्ड टाकायची. उत्तर यायचं, चूक. पुन्हा टाकायची, एकेक अक्षर बोट ठेवून. चूक. हिच्या पोटातच काहीतरी बिघडलंय, असं म्हणून ती फायरवॉल पुसून टाकायची, अगदी कोरी करायची, आणि पुन्हा पहिल्यापासून स्टार्ट. पुन्हा ठिपके.

"अगं, लॅब ती लॅब," साहेब म्हणाले. "हॉस्पिटलचा सर्व्हर दणकट आहे. तिथे चुटकीसरशी उठेल."

"साहेब, फाइल तीच आहे. जी इथे चालवतेय तीच तिथे चालवायची. मग इथे पासवर्ड चूक म्हणते ती तिथे बरोबर कशी म्हणेल?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "परवा दुपारची वेळ दिलीय आपण," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सर्व्हरवाल्याच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. लॅबचं मशीन त्याच्या ताब्यात होतं. माणूस मनाचा साफ, पण कामाला गोगलगाय. आणि आपल्या मशीनला कुणी नावं ठेवली की याच्या नाकाला मिरची लागायची.

"माझं मशीन ठणठणीत आहे, ताई," तो बघायच्या आधीच म्हणाला. "तुम्ही सगळी चित्रं एकदम सुरू करता. सगळ्यांनी एकाच दारातून घुसायचं म्हटल्यावर चेंगराचेंगरी होणारच."

"मी एकेक सुरू करून बघितलं. नुसती फायरवॉल एकटी सुरू केली. तेच."

"मेमरी कमी दिली असेल."

"दुप्पट दिली. तेच."

मग कपाळाला आठ्या घालत त्याने मशीनची सेटिंगं उघडली, आणि एका पानावर त्याचा हात थबकला. त्याने जीभ चावली.

प्रकार असा होता. लॅबचा सर्व्हर स्वतःच आभासी, म्हणजे एका खऱ्या यंत्राच्या पोटातलं सॉफ्टवेअरचं यंत्र. आणि त्याच्याही पोटात ही फायरवॉल. सगळ्यात आतल्या तिला खऱ्या प्रोसेसरची मदत मिळायची असेल, तर बाहेर एका चौकोनात परवानगीची खूण करावी लागते. ती नसेल तर प्रत्येक लहानसहान गोष्ट सॉफ्टवेअरला नक्कल करून करावी लागते, आणि मग तासाचे तास जातात. गेल्या महिन्यात या पठ्ठ्याने लॅब नव्या यंत्रावर हलवली होती. हलवताना चौकोन रिकामा राहिला.

"एवढ्याशा खुणेपायी माझ्या तोंडचं पाणी पळवलंस होय रे?" ती म्हणाली. पण आवाजात राग नव्हता, आनंदच होता. तिला त्याला मिठी मारावीशी वाटली, तो दिसायला जरा बरा असता तर मारलीही असती.

खूण केली, लॅब बंद करून चालू केली, फायरवॉल कोरी करून स्टार्ट केली. आणि काय सांगावं, ठिपके धावायलाच लागले! कालपर्यंत तास घेणारा प्रॉम्प्ट चहा निवायच्या आत हजर. सर्व्हरवाल्याने टेबलावर थाप मारली. तिने पासवर्ड टाकला.

चूक.

पुन्हा टाकला. चूक.

कालपर्यंत निदान म्हणता येत होतं की मशीन मंद आहे. आता तेही राहिलं नाही. तिला एकदम दाराजवळचा पलंग दिसला, न पाहिलेले बसड्रायव्हर काका दिसले, बोलता बोलता थांबलेले. तिचा हात आपोआप पुसण्याच्या बटणाकडे गेला. तेवढ्यात फोन वाजला. नणंद.

"वहिनी, खाली ये. तुझ्या ऑफिसच्या पायऱ्यांवर उभी आहे. ड्युटीवर जातेय, दोन मिनिटंच आहेत."

ती सगळं तसंच टाकून खाली धावली. नणंद गणवेशातच होती, खांद्याला पिशवी, पायात ते आवाज न करणारे बूट.

"मला स्पष्ट सांग," नणंद म्हणाली, "उद्या पोरींना थांबायला सांगू की नको? एकीच्या लेकाची परीक्षा आहे, एकीची सासू आजारी आहे. उगाच थांबवून ठेवलं आणि तुझं काम पुढे ढकललं, तर पुढच्या वेळी एक जण उभी राहणार नाही."

धास्तीताईने तोंड उघडलं आणि तिला रडूच फुटलं. भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर.

"मला भीती वाटते गं. ती उठतेय की नाही तेच मला कळत नाही. तुझा पेशंट माझ्यामुळे गेला तर?"

"अगं ए! नाक पूस आधी." नणंदेने पिशवीतून रुमाल काढून दिला. "माझी माणसं माझ्यामुळे जाऊ नयेत म्हणून मी रोज अशीच मरते. वाटू दे भीती. ज्या पोरीला वाटत नाही, तिला मी रात्रीची ड्युटी देत नाही. पण मला हो किंवा नाही पाहिजे."

"संध्याकाळपर्यंत सांगते."

बोलण्यात दोनाची दहा मिनिटं कधी झाली ते दोघींनाही कळलं नाही. ती वर आली, तोंड धुऊन खुर्चीत बसली, आणि काळ्या खिडकीकडे बघून एकदम पुढे वाकली. प्रॉम्प्ट बदलला होता. मघाशी त्याच्यापुढे कंपनीने घातलेलं मूळ नाव होतं. आता तिथे हॉस्पिटलचं नाव होतं, तिनेच सोबतच्या सेटिंगच्या फाइलीत दिलेलं. तिने पासवर्ड टाकला, आणि फायरवॉलने तिला मुकाट आत घेतलं.

मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. पहिला प्रॉम्प्ट म्हणजे नुसतं दार दिसत होतं. आतलं माणूस अजून जागं व्हायचं होतं. पासवर्ड ओळखणारा भाग सगळ्यात शेवटी उठत होता. तोवर कुणी काहीही टाकलं तरी ती चूकच म्हणणार. आणि ही बाई काय करत होती? चूक म्हटलं की घाबरून तिला पुसत होती. पुसली की पुन्हा कोरी, पुन्हा पहिलंच उठणं, आणि पहिलं उठणं सगळ्यात लांब. राहून गेलेल्या खुणेने फायरवॉलला मंद केलं होतं हे खरं, पण उठू दिलं नव्हतं ते हिच्या भीतीनेच.

संध्याकाळपर्यंत तिने ती चार वेळा कोरी करून उठवली, हात मांडीखाली दाबून. चारही वेळा उठली. नकली पेशंटची रेघ झुळझुळत पार गेली. तिने नणंदेला फोन केला, "हो." आणि साहेबांना दोनदा बजावलं, "पहिला प्रॉम्प्ट खोटा. नाव बदलेपर्यंत कुणी हात लावायचा नाही." साहेब म्हणाले, "कळलं गं बाई, एकदा सांगितलं की कळतं मला."

कळलं असतं तर काय हवं होतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आणि साहेब हॉस्पिटलच्या तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये बसले होते. खोलीत पंख्यांची घरघर आणि हाडात शिरणारी थंडी. एका लॅपटॉपवर फायरवॉलची काळी खिडकी. शेजारच्या लॅपटॉपवर वरच्या वॉर्डातला तोच पडदा, काम झालं की नाही ते पडताळून बघायला. आणि टेबलावर स्पीकरवर ठेवलेला फोन, त्यात नणंद.

"माझ्या सगळ्या उभ्या आहेत," फोनमधून आवाज आला. "कर सुरू."

तिने जुनी बंद केली. शेजारच्या लॅपटॉपवरच्या रेघा गोठल्या आणि पडदा काळा झाला. तिने नवी सुरू केली. ठिपके निघाले.

प्रॉम्प्ट आला. मूळ नावाचा, पहिला. तिने हात मागे घेतले.

"आली की!" साहेब म्हणाले.

"नाही साहेब. नाव बघा."

साहेब बसले. उठले. चष्मा पुसला. व्यवस्थापकांचा त्यांच्या मोबाइलवर फोन आला, त्यांना "होतंय, होतंय" म्हणाले. मग एकाएकी वाकून त्यांनी पासवर्ड टाकला. चूक. पुन्हा टाकला. चूक. आणि त्यांचा चेहरा तिने ओळखला; गेले काही दिवस आरशात तोच बघत होती ती.

"बिघडली! अगं, बिघडली ही! रीस्टार्ट कर!"

"नाही साहेब, तुम्हाला सांगितलं होतं—"

तेवढ्यात फोनमधून वेगळाच आवाज आला. कुणीतरी ओरडलं, काहीतरी खाली पडलं. मग नणंदेचा आवाज, घरी कधी ऐकला नाही असा कोरडा: "दाराजवळचे काका. थांबलं. दाब, छाती दाब! डॉक्टरांना हाक मारा!"

मग साहेबांचा हात कीबोर्डकडे झेपावला. "पडदा पाहिजे त्यांना! कर रीस्टार्ट, नाहीतर जुनी आण, काहीतरी कर!"

तिने त्यांचं मनगट धरलं. स्वतःच्या साहेबांचं मनगट, दोन्ही हातांनी. धरलं आणि धरूनच ठेवलं.

"नाही," ती म्हणाली. "आत्ता बंद केली तर पुन्हा पहिल्यापासून. उठतेय ती, साहेब. ती उठतेय."

"आणि नाही उठली तर?"

आयुष्यभर हाच प्रश्न जगाला विचारत आलेली बाई, आणि आज समोरून आला तर तोंडात जीभ नाही. फोनमधून मोजण्याचा आवाज येत होता, कुणी पोरगी धापा टाकत आकडे मोजत होती. तिला वाटलं आपण चुकलो. लॅबमध्ये चार वेळा उठली म्हणून काय झालं, इथे नसेल उठत. हात सुटायला लागले होते तिचे. साहेब ओढत होते, आणि ती डोळे मिटून धरून होती.

डोळे उघडले तेव्हा प्रॉम्प्टवर हॉस्पिटलचं नाव होतं.

शेजारच्या लॅपटॉपवर पडदा उजळला. एकेक करून रेघा चालू लागल्या. दाराजवळच्या पलंगाचीही. ती रेघ तर सगळ्यात मोठी, उंचच उंच, एका लयीत उसळणारी.

"चालू झालं!" ती फोनवर किंचाळली. "काकांचं हृदय चालतंय! मला दिसतंय इथे, चांगलं जोरात चालतंय!"

"ते हृदय नाही, वहिनी," नणंद म्हणाली. "ते आमचे हात आहेत."

तिला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. ती एवढी मोठी रेघ म्हणजे परीक्षा असलेल्या लेकाची आई, नाहीतर आजारी सासूची सून, घरी जायची वेळ टळून गेलेली, एका माणसाच्या छातीवर आपलं सगळं वजन टाकत होती. पडद्यावर दिसत होती ती तिची मेहनत. माणूस त्यात कुठेच नव्हता.

"हात काढा सगळ्यांनी," फोनमध्ये डॉक्टर म्हणाले. "शॉक देतोय."

हात निघाले. उंच रेघ नाहीशी झाली आणि तिच्या जागी बारीक, वेडीवाकडी थरथर राहिली. मग एक मोठी उडी. मग सरळ रेघ.

सरळ.

साहेबांनी ओढणं कधीच सोडलं होतं. तेही वाकून बघत होते. सरळ रेघ पडद्याच्या कडेपर्यंत गेली, पुन्हा सुरुवातीपासून निघाली.

आणि मध्येच एक छोटासा उंचवटा आला. कुणाचाही हात नसताना. बराच वेळ काही नाही. मग दुसरा, मग तिसरा. लहान लहान, अवघडलेले, पण काकांच्या हृदयाचे स्वतःचे.

फोनमध्ये कुणीतरी रडत होतं. नणंद कुणाला तरी दटावत होती, "रडतेस काय वेडे, ऑक्सिजन बघ." मग फोन जवळ घेऊन ती म्हणाली, "वहिनी, हे त्यांचंच आहे. दिसतंय का तुला?"

"दिसतंय," ती म्हणाली.

"पडदा असाच राहू दे. आता या पोरींना घरी पाठवते." फोन बंद झाला.

पंखे घरघरत होते. साहेब मग हळूच म्हणाले, "माझा हात सोडतेस का गं?"

तिने बघितलं. तिची बोटं त्यांच्या मनगटाभोवती पांढरी पडली होती. सोडायचं म्हणून तिने जोर लावला, पण ती काही केल्या उघडेनात. शेवटी साहेबांनीच दुसऱ्या हाताने, न दुखावता, एकेक बोट सोडवलं.